हिरव्या चिंधीची गाठ

पैजेवर सांगतो, ही गोष्ट तुमच्यातल्या एकालाही खरी वाटणार नाही.

तरी ती खरीच आहे. खुद्द उमाजीच्या तोंडून ऐकलेली. आणि उमाजी, देव त्याचं भलं करो, आख्ख्या जन्मात एकदाच खोटं बोलला. ते कधी, तेही सांगतो.

परवा वाडीवर हीच गोष्ट रंगात आली होती. दहाबारा जण भोवती. मागं दारात उमाजीची बायको, आता म्हातारी झालेली कासाबाई, धनुकलीनं लोकर पिंजत बसलेली. टुंग... टुंग... तिच्याकडं पाठ करूनच मी बोलत होतो.

निजामाचा अंमल. रझाकारांचं नावही अजून खेड्यापाड्यांत पोचलं नव्हतं. वैशाखातली टळटळीत दुपार. ताडकळसकडून गंगाखेडच्या बाजूला, नदीकाठाला मेंढरं चालली होती. कासाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं मुक्कामाला गेलेली. मागं कळपाबरोबर दोघंच... उमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ मल्हारी.

धनगराच्या वाटेवर दवाखाना कुठला? कमरेला पिशवी असते. हळद, तुरटी, दाभण-दोरा, जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या. त्या पिशवीत दोन पुरचुंड्या. एक माणसांची, एक जित्राबांची.

ही शिस्त उमाजीच्या आईची, अंबाबाईची. "मानसाची पुरचुंडी जित्राबाला सोडायची न्हाई," असं ती दर खेपेला बजावायची. त्या वैशाखाच्या दोन सालं आधीच ती गेली. सवाष्ण गेली, हिरव्या लुगड्यात.

आदल्या दिवशी लांडग्यानं एडक्याचा पाय फाडला. एडका म्हणजे आख्ख्या कळपाचा बाप. उमाजीच्यानं बघवेना. त्यानं दोन्ही पुरचुंड्या त्या एका पायावर रिकाम्या केल्या.

सकाळी निघताना कासाबाईनं विचारलं, "पिशवी भरली न्हवं?"

"भरली."

हेच ते खोटं.

दुपारी मल्हारी बाभळीवर चढला, शेरडांना पाला तोडायला. फांदी मोडली. तो खाली आला, आणि हातातली कुऱ्हाड त्याच्याच मांडीत बसली.

चिळकांडीच उडाली रक्ताची.

उमाजीनं पिशवी उपडी केली. दाभण पडलं.

बाकी... काही नाही.

मुंडासं सोडून बांधलं. तेही लाल झालं. दोन्ही तळवे दाबून धरले, तरी बोटांच्या फटीतून येतच होतं. हात सोडून पळावं तर भाऊ जातो. न पळावं तरी जातोच.

"कुनी हाय का रं!"

नुसती झळ. माळावर चिटपाखरू नाही.

"दादा..." मल्हारी हसायला बघत होता. "एडक्याला नवरदेवावानी पट्टी बांधलीस, आन सख्ख्या भावाला न्हाई व्हय?"

"गप पड. बोलू नगंस, राजा."

"लय गार वाटायलंय रं दादा."

वैशाखाच्या उन्हात... गार.

उमाजीचा धीर सुटला. "आये, काय करू गं? आये..."

आणि घंट्या थांबल्या.

सगळ्या कळपात एकही घंटी वाजेना. रक्तावर बसलेल्या माश्यांची घोंघोंसुद्धा बंद. मेंढरं जागच्या जागी उभी, एकाच दिशेला तोंड करून. नदीकडं.

मग वास आला... ओल्या हळदीचा.

कळप मधोमध दुभंगू लागला. कुणी चालत यावं आणि मेंढरांनी अंग चोरून वाट द्यावी, तसा. वाट पडत होती. पण वाटेवर... कुणीच नव्हतं. धूळही उडत नव्हती.

ती वाट उमाजीपाशी येऊन थांबली.

मान वर करायची त्याची छाती झाली नाही. त्याला दिसले ते फक्त दोन हात. सुरकुतलेले. मनगटभर हिरव्या बांगड्या. बांगड्या हलत होत्या... वाजत नव्हत्या.

त्या हातांनी लुगड्याचा हिरवा काठ टरकावला. आवाज नाही.

त्याचे तळवे बाजूला सारले. माठाच्या बुडासारखा गार स्पर्श. चिंधी मांडीभोवती आवळली, गाठ मारली.

आणि कानाशी, अगदी कानाशी...

"मानसाची पुरचुंडी कुठं हाय रं, उमा?"

उमाजीची शुद्ध गेली.

इथं मी जरा थांबलो. पोरंटोरं एकमेकांना चिकटून बसली होती. मग मांडीवर थाप मारून म्हणालो, "जागा झाला तवा घंट्या वाजायल्या होत्या. रक्त बंद! मल्हारी वाचला बघा. पुढं लगीन झालं, लेकरं झाली. पूर्णा टेसनावर लंगडत लंगडत हमाली..."

मागची टुंग टुंग थांबली.

"तात्या, खोटं सांगायलाव तुमी."

मी वळलो नाही.

"मल्हारी भावजी तितंच गेले," कासाबाई म्हणाली. "सांजच्याला म्या हुडकत माघारी आले, तर हे त्यांचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलेले. म्याच धुतलं भावजींला."



"धुताना ती हिरवी गाठ सोडाया गेले. नखं मोडली माझी. इळा लावला. न्हाई सुटली... तशीच मातीला दिली."