बाटलीतलं जाळं

सकाळी साडेसातला यंत्रात पाण्याची बाटली ठेवायची, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. माणसाच्या डोक्याएवढी गोल बाटली, आत मिठाचं पाणी. एमआरआय नीट चाललाय की नाही, हे तिच्यावरून कळतं. पाण्यात काही घडत नाही, त्यामुळे पडद्यावर काही दिसलंच तर खोट यंत्रात. ॲबर्डीनच्या आमच्या केंद्रात मेंदूचा अभ्यास चालतो, पण मी शास्त्रज्ञ नाही, साधी तंत्रज्ञ आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. निदान तेव्हा हसत होते.

त्या मार्चमध्ये अलेक दुथी आला. पीटरहेड बंदरातला मच्छीमार. फेब्रुवारीत बोट उलटली, अलेकला चाळीस मिनिटांनी पाण्याबाहेर काढलं. त्याचा मुलगा इनिस बरोबर होता, तो सापडलाच नाही. अलेकचे डोळे उघडे असत, पण बघत नसत. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पोटातल्या नळीवर तो पडून होता. ती नळी ठेवायची की काढायची, हे त्याच्या बायकोने, नेट्टाने, शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. त्याआधी या माणसाच्या आत कोणी शिल्लक आहे का, ते आम्ही बघणार होतो.

रीत सोपी आहे. आजाऱ्याला प्रश्न विचारायचा. उत्तर ‘हो’ असेल तर त्याने मनातल्या मनात टेनिस खेळायचं, ‘नाही’ असेल तर आपल्या घरात खोल्याखोल्यांतून फिरायचं. दोन्हींच्या वेळी मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा उजळतात.

“टेनिस?” नेट्टा म्हणाली. “ह्याने जन्मात कधी रॅकेट धरली नाही. जाळं ओढायला सांगा त्याला.”

डॉक्टर लॉरिमरना ते पटलं. प्रश्नही तिच्याच आवाजात रेकॉर्ड केले. बोट निळी होती का? आपल्याला मुलगी आहे का? प्रत्येक उत्तराला अर्धं मिनिट, आणि मग, “आता थांब, अलेक. आराम कर.”

सोमवारी अलेकला आत घेतलं. तासभर त्याचा मेंदू राखाडीच राहिला. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर नेट्टाने मान हलवली आणि कोटाची बटणं लावली, एक घर चुकवून. मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी चूक माझी झाली. बाटली ठेवली आणि यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाबलं. ते बाटलीच्या चाचणीचं नव्हतं, आदल्या दिवशीचं अलेकचं होतं. रिकाम्या खोलीत नेट्टाचा आवाज घुमायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी बंद करणारच होते, तेवढ्यात पडद्याकडे नजर गेली.

बोट निळी होती का? पाण्यात वरच्या बाजूला एक डाग उजळला. थांब म्हटल्यावर विझला. मुलगी आहे का? आता खालच्या बाजूला, दुसराच. जाळं ओढताना मेंदूत जिथे उजळतं तिथे पहिला, घरातून फिरताना उजळतं तिथे दुसरा.

“मोराग, मोठ्या भोकांची चाळणी लावलीस की काहीही खाली पडतं,” डॉक्टर हसत म्हणाले. त्यांनी गणिताची चाळणी बारीक केली. डाग गेले नाहीत. त्यांनी कपाटातून नवी कोरी बाटली आणली. तीच उत्तरं आली, सगळी बरोबर. त्यांच्या हातातला चहा निवला तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही.

बुधवारी त्यांनी अलेकला पुन्हा आत घेतलं. तो राखाडीच होता.

“हे नेट्टाला कळता कामा नये,” ते मला म्हणाले. “पाण्याच्या बाटलीवरून मी एक माणूस जिवंत ठरवू?”

“मग मेलेला कशावरून ठरवताय?” मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता निघून गेले.

शुक्रवारी सकाळी, डॉक्टर यायच्या आत, मी नेट्टाला बोलावून घेतलं. आपण करतोय ते बरं की वाईट, हे मला कळत नव्हतं. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेडी आहेस का, असं तिने विचारलं नाही. माइक पुढे ओढून ती सरळ बोलू लागली.

“अलेक, नळी काढू?”

खालचा डाग उजळला. नाही.

“इनिस आहे तुझ्याजवळ?”

खालचाच. नाही.

ती माइकवर वाकली. मग हलकेच म्हणाली, “आणशील त्याला?”

वरचा डाग उजळला. अर्धं मिनिट झालं. मी ‘आता थांब’चं बटण दाबलं. डाग विझला नाही. मी पुन्हा दाबायला गेले तेव्हा नेट्टाने माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “ओढू दे त्याला.”

नळी राहिली.

त्यानंतर रोज सकाळी मी बाटलीची नेहमीची चाचणी घेई. प्रश्न नाही, आवाज नाही. तरी वरचा डाग असे, न विझता. मेमध्ये बाटलीच्या तळाशी, अगदी काचेला लागून, आणखी एक ठिपका दिसला. आठवड्याला जेमतेम बोटभर तो वर सरके.

नोंदवहीत मी ‘यंत्र ठीक’ लिहीत गेले. डॉक्टर सकाळी तिकडे फिरकेनासे झाले.

“किती राहिलंय?” नेट्टा दर शुक्रवारी फोनवर विचारी. मी बोटांच्या मापात सांगे. चार. तीन. दोन.

इतके महिने समुद्राच्या तळाशी राहिलेलं जे असेल, ते वर येत होतं. मला भीती वाटत होती. तिला ती कशी सांगणार? तिने इनिसची खोली रंगवून घेतली होती.

काल ठिपका डागाला टेकला.

आज सकाळी बाटलीत काही नव्हतं. नुसतं राखाडी पाणी.

मी तिसऱ्या मजल्यावर धावले. अलेक जागच्या जागी होता. डोळे उघडे, श्वास चालू, नळीतून अन्न थेंबथेंब उतरत होतं. त्याच्या पलंगाशी उभी राहूनच मी नेट्टाला फोन लावला.

खूप वेळाने तिने उचलला.

“हळू बोल, मोराग,” ती कुजबुजली. “दोघं आत्ताच निजलेत.”