आठवा खादा

रोजिनाला जाग आली ती कंडक्टरच्या आरोळीने. "धुलिखेल! चला, धुलिखेल!"

डोळे उघडले आणि दोन गोष्टी एकदमच तिच्या लक्षात आल्या. तिला उतरायचं होतं बनेपाला, आणि बनेपा केव्हाच मागे पडलं होतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. तिचं डोकं कुणा परक्या मुलाच्या खांद्यावर होतं… आणि त्या खांद्याला ताज्या पावाचा वास येत होता.

ती झटक्याने सरळ बसली. "उठवता येत नाही का माणसाला?"

म्हणजे बघा! झोपणार ही, आणि बोल लावणार त्याला.

"मीपण झोपलो होतो," तो डोळे चोळत म्हणाला. "तुझ्या घोरण्याने आत्ता जाग आली. म्हटलं, एवढी दमलीय बिचारी… झोपू दे."

"मी घोरत नाही!"

"बरं. मग ड्रायव्हर घोरत असेल. वाचलो म्हणायचं."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. परतीच्या बसची वाट बघत दोघं थंडीत कुडकुडत उभी राहिली, तेव्हा कळलं की त्यालाही बनेपालाच उतरायचं होतं. तिथून पनौतीला. लप्सीवाल्या बायकांच्या संस्थेत.

"थांब, थांब," रोजिना म्हणाली. "तू ज्ञवाली सरांच्या वर्गात आहेस?"

"शेवटचा बाक, भिंतीकडची जागा."

"तिथं कुणी बसतं?"

"बसत नाही. झोपतं." त्याने हात पुढे केला. "सुबिन तामांग. तुझ्याच गटातला पाचवा."

तो पहाटे तीनपासून बेकरीत पाव भाजायचा आणि तिथून थेट सकाळच्या कॉलेजात यायचा. ती कॉलेज सुटलं की शाळेत बालवाडीची पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी तीन घरी शिकवण्या घ्यायची. शनिवारी, आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीला, सगळं काठमांडू अंथरुणात लोळत असताना ही दोघं प्रोजेक्टपायी बसमध्ये. झोप येणार नाही तर काय होणार?

संस्थेत पोचायला त्यांना दोन तास उशीर झाला. निश्चल, ऐलिना आणि बिप्लव, म्हणजे गटातले बाकीचे तिघं, चहा पिऊन ताजेतवाने बसले होते. संस्थेच्या अध्यक्ष फूलमाया दीदी अंगणात उकडलेल्या लप्सीचा ढीग घेऊन बसल्या होत्या. लप्सी म्हणजे आवळ्याएवढं फळ, पण आंबटपणात आवळ्याचा बाप. त्याचा गर काढायचा, तिखटमीठ घालून चटयांवर पातळ थापायचा, उन्हात वाळवायचा, की झाला तितौरा. अख्खं नेपाळ तो चघळतं, पण पनौतीच्या या बायकांचा तितौरा बनेपाच्या पुढे जात नव्हता. त्याला नाव द्यायचं, पाकीट द्यायचं, काठमांडूची दुकानं मिळवून द्यायची, हा मुलांचा प्रोजेक्ट.

दीदींनी उशिरा आलेल्या दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "या, राजेसाहेब! या, महाराणी! हात धुवा आणि बिया काढायला बसा. आणि काय गं पोरी, या सुबिनच्या गटात आलीस? मग भरलीस का बॅग?"

"कसली बॅग?"

बायका खिदळल्या. हकिगत अशी होती की सुबिन गेल्या वर्षीही याच संस्थेत प्रोजेक्टला आला होता. तेव्हाही गट पाच जणांचा होता. एकेकाचा परदेशाचा व्हिसा येत गेला आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी उरला एकटा सुबिन. कॉलेजचा नियम असा की गट म्हणजे निदान दोन माणसं. एकटा उरला की प्रोजेक्ट बाद, पुढच्या वर्षी नव्या गटात पहिल्यापासून सुरुवात. असं त्याचं अख्खं वर्ष फुकट गेलं होतं.

"त्याच्या गटात गेलं की व्हिसा हमखास लागतो," दीदी म्हणाल्या. "देवळात नवस बोलायला नको."

सुबिन बिया काढत राहिला. हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. रोजिनाने ते पाहिलं. तिचा स्वतःचा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज त्याच आठवड्यात गेला होता… तिने मान खाली घातली आणि पुढची लप्सी उचलली.

दीदींचा शब्द खरा ठरला. मंसिरात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, निश्चल सिडनीला गेला. पुढच्या महिन्यात, पुसात, ऐलिना पर्थला गेली, आणि पाठोपाठ बिप्लव जपानला. दर वेळी विमानतळाच्या फाटकावर सुबिनने जाणाऱ्याच्या गळ्यात खादा, म्हणजे शुभेच्छांचा पांढरा रेशमी शेला, घातला, पाठीवर थाप मारली आणि बेकरीतल्या पावाची पिशवी हातात दिली. बिप्लव तर जाता जाता म्हणाला, "माझं नाव पहिल्या स्लाइडवर ठेवा हं!"

"तुझा फोटो लावतो. हार घालून," सुबिन म्हणाला.

मग उरली दोघं. पाच जणांचं काम दोघांवर. शनिवारी पनौती, बाकीचे दिवस फोनवर. दुकानदारांच्या पायऱ्या झिजवून रोजिनाच्या टाचा सोलल्या. कधी बोलता बोलता सुबिनचा आवाज बंद व्हायचा आणि पलीकडून संथ श्वास ऐकू यायचा. ती फोन ठेवायची नाही लगेच. का ठेवायची नाही, हे तिला विचारू नका, तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

तितौऱ्याची चव ठरवायची होती. दर शनिवारी सुबिन नवा तुकडा तिच्या हातावर ठेवायचा आणि टक लावून बघत बसायचा.

"माझ्याकडे काय बघतोस? वहीत लिही."

"तेच करतोय. डावा डोळा मिटला की आंबट बरोबर. दोन्ही मिटले की जास्त. आणि नाकाला ही अशी सुरकुती पडली की…"

"की काय?"

"…की पाकीट खपणार," तो म्हणाला आणि घाईघाईने वहीत डोकं खुपसलं. त्याचे कान लाल झाले होते. पलीकडून फूलमाया दीदी मुद्दाम खाकरल्या.

माघाच्या सुरुवातीला, बालवाडीच्या पोरांना डाळभात भरवत असताना, रोजिनाच्या फोनवर मेल आला. व्हिसा मिळाला होता. वर्ग सुरू होत होते प्रेझेंटेशनच्या दहा दिवस आधी.

आईने आनंदाने अख्ख्या आळीत पेढे वाटले. रोजिना हसली, पाया पडली, फोटो काढून घेतले. आणि पलंगावर पडून छताकडे बघत राहिली. दोन वर्षं ज्या मेलची स्वप्नं बघितली तो आला, आणि आता नकोसा! आपण गेलो की सुबिनचं दुसरं वर्षही पाण्यात जाणार. सांगायला तर हवं. पण कुठल्या तोंडाने? अकरा दिवस ती रोज फोन करत राहिली. दुकानं, पाकिटं, रंग, सगळ्यावर बोलत राहिली. तेवढं एक सोडून.

बाराव्या दिवशी, शनिवारी, मनाशी पक्कं ठरवून ती पनौतीला गेली. आज सांगायचंच.

अंगणात बायका नव्हत्या, सगळ्या आत चुलीपाशी होत्या. चटयांवर तितौरा वाळत होता, आणि त्या चटयांसमोर उभं राहून सुबिन एकटाच बोलत होता. हातात कागद होता.

"नमस्कार. आता ग्राहकांच्या आवडीबद्दल. आम्ही चाळीस दुकानांत फिरलो…"

ते तिचं भाषण होतं. तिने लिहिलेलं, शब्दन् शब्द. अडखळला की तो स्वतःवरच चिडायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

"माझा भाग तू का पाठ करतोयस?"

तो दचकून वळला. कागद पाठीमागे लपवला… आणि त्याच क्षणी टपकन एक थेंब चटईवर पडला. मग दुसरा.

"पाऊस! अगं बाई, पाऊस!" दीदी आतून ओरडत धावल्या. माघातला अवकाळी पाऊस म्हणजे चार दिवसांची मेहनत मातीत. सगळ्या बायका चटयांवर तुटून पडल्या. रोजिनाने एका चटईचं एक टोक धरलं, सुबिनने दुसरं. मधे ओला आंबट-तिखट वास, समोरासमोर दोघं. ती उलटी चालत होती, तो सुलटा.

"पायरी आहे," तो म्हणाला. आणि मग त्याच स्वरात, "व्हिसा आलाय ना? मला माहितीय."

तिचा पाय अडखळला. "कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. तुझ्या आईने आमच्या बेकरीतूनच केक नेला. वर तुझं नाव आणि 'ऑस्ट्रेलिया' घालायचं होतं… ते मीच घातलं. चटई सरळ धर."

चटई छपराखाली टेकली. पाऊस पत्र्यावर ताडताड वाजायला लागला. दोघांच्या केसांतून पाणी गळत होतं. बायका चटया सोडून यांच्याकडेच बघत होत्या.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आधी वाटलं, मला एकट्यालाच सगळं बोलता येईल, म्हणून तुझा भाग पाठ केला. सर म्हणाले, नियम तो नियम. म्हणून मी पुढच्या वर्षीच्या गटात नाव देऊन आलोय. पाठांतर तेवढं सुटेना. तू काळजी करू नकोस. निवांत जा."

त्याने जाकिटाच्या खिशातून घडी केलेला पांढरा खादा काढला. पण हात वर उठेना.

"हा आठवा," तो म्हणाला. "गेल्या वर्षी चार, यंदा तीन. सातही वेळा हसत हसत घातला. हा… हा नाही जमत, रोजिना."

आता कुणीही म्हणेल, इथे तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. आलं, पण आधी तिचं डोकं फिरलं.

"नाव देऊन आलास? मला न विचारता?"

"काय विचारणार?"

"थांब म्हणून!"

"आजवर कुणालाच म्हटलं नाही." त्याचा आवाज थकलेला होता, पहाटे तीनपासून उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. "म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं?"

"एकदा म्हणून तर बघ!"

तो खाद्याची घडी उलटसुलट करत राहिला. पत्र्यावरचा पाऊस जरा कमी झाला, पुन्हा वाढला. कोपऱ्यात फूलमाया दीदी एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभ्या होत्या, त्यांना धीर धरवत नव्हता. "म्हण की रे मेल्या!"

"थांब," सुबिन म्हणाला. इतकं हळू, की त्याने परत म्हटलं. "थांब, रोजिना. प्रेझेंटेशनसाठी नको. माझं वर्ष गेलं तर जाऊ दे. माझ्यासाठी थांब… तू मला आवडतेस. त्या धुलिखेलच्या बसपासून. त्या दिवशी मी आधीच जागा झालो होतो. बनेपा आलं तेव्हाही जागाच होतो."

"खोटारडा!"

"हो."

"म्हणजे मी घोरत नव्हते?"

"घोरत होतीस."

ती हसली आणि हसता हसताच रडली. अकरा दिवसांचा शीण एकदम वर आला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठाला एक मेल तिने चार दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता, माझा प्रवेश जुलैच्या वर्गाला ढकला असा. ढकलला तर व्हिसाचं सगळं नव्याने होणार होतं, आणि पुन्हा मिळेलच असं कोण सांगणार? म्हणून बोट त्या बटणाशी जाऊन परत यायचं. आता तिने ओले हात कुर्त्याला पुसले, फोन काढला आणि सगळ्या बायकांच्या देखत बटण दाबलं.

"जुलैपर्यंत थांबते," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही तुला."

"जुलैपर्यंत पुष्कळ आहे."

"नाहीये पुष्कळ."

"नाहीये," त्याने कबूल केलं.

"आणि आईला काय सांगशील?" दीदींनी विचारलं.

"सांगेन, लप्सी अजून वाळायची आहे."

बायका फिसकन हसल्या. सुबिन हातातल्या खाद्याकडे बघत म्हणाला, "आता याचं काय करू?"

"घाल तिच्या गळ्यात!" दीदी कडाडल्या. "खादा काय फक्त जाणाऱ्यालाच घालतात? आलेल्यालाही घालतात. आणि लग्नातही लागतो, आत्ताच सांगून ठेवते."

त्याने तो घातला. या वेळी हात उठला. रोजिनाच्या नाकाला ती सुरकुती पडली, आणि तिने काहीच आंबट खाल्लेलं नव्हतं.

संध्याकाळी काठमांडूच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. काचेवर थेंब होते. उद्या रविवार, म्हणजे पुन्हा कॉलेज, बेकरी, बालवाडी, आणि आता आईसमोर उभं राहणंही. ज्ञवाली सरांकडे जाऊन पुढच्या वर्षीच्या यादीतलं सुबिनचं नाव खोडून घ्यायचं होतं. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

रोजिनाने न विचारता त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. पावाचा वास होता, त्यात आज लप्सीचाही.

"मी झोपते. उठव मला."

"कुठं उठवू?"

"जुलैला."

घाटात बस वळली तसा त्याने खांदा जरा उंच धरला, आणि काठमांडूपर्यंत जागा राहिला.