जीवपाया

अमावस्या आली की खारवडीत घराघराच्या पायाला चुना पाजायचा असे, आणि नर्मदा धांडेला या कामाचा मनापासून वीट आला होता. पोती ओढायची, चुना पाण्यात कालवायचा, अंगणातल्या नळीतून जमिनीत सोडायचा. घर राहायला बांधलं की त्याची चाकरी करायला?

पण इलाज नव्हता. पूर्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम वरच असता तर साधा दगडी पाया चालला असता; इथं तो फार खोल. नर्मदाचं पहिलं घर दगडी पायावर होतं, ते मधोमध तडकलं. दुसऱ्याला बुडाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब खोलवर उतरवले, तर जमिनीतल्या खाऱ्या पाण्यानं आतल्या सळया खाल्ल्या. तिसरं घर जीवपायावर होतं. जीवपाया म्हणजे मातीत सोडलेले जिवाणू. चुना घेऊन ते मातीचे कण सांधत, त्यांचा दगड करत. भेग पडली की पुन्हा सांधत.

हा पाया शोधून काढणाऱ्या डॉ. रेहाना काझी तपासणीला आल्या, तेव्हा नर्मदा दारातच सुरू झाली.

"वर्ष झालं, मी चुना टाकणं बंद केलं. काय बिघडलं? उगाच राबवता आमाले."

रेहानांनी भिंतीलगत जमिनीखालचं दाखवणारं यंत्र फिरवलं आणि त्या थबकल्या. "अजिबात नाही टाकला?"

"नाई म्हटलं ना."

"मग हा इतका वाढला कशावर?"

यंत्राच्या मागोमाग त्या अंगणाबाहेर पडल्या. जीवपायाच्या पांढऱ्या शिरा जमिनीखालून नाल्याच्या काठापर्यंत गेल्या होत्या. तिथं गावातली तान्ही लेकरं पुरत. नर्मदाची लेक छबी तिथंच होती, तापानं गेलेली.

"हाडांत चुना असतो, नर्मदाताई. उपाशी जिवाणूंना तो सापडला."

नर्मदानं घराकडे बोट केलं. म्हणाली, "मारा त्याले."

"औषध आहे. पण मग दगड विरघळेल, घर खचेल. आणि..." रेहाना अडखळल्या. "काठावर आता काही उरलेलं नाही. जे आहे ते घराखालच्या या दगडातच आहे."

"हे आधी सांगाले पायजे होतं तुमी."

"मलाच ठाऊक नव्हतं."

गावाला नर्मदानंच सांगितलं, दारोदार फिरून, भांडणाच्या तयारीनं. कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी वत्सला इंगळे आली; तिचंही लेकरू काठावरच पुरलेलं. नळीत चुना ओतून ती भिंतीला टेकून बसली. मग बाकीच्या येऊ लागल्या. नर्मदाचं घर विकून लेकाकडे नागपूरला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. पाडायचं नाही, विकायचं नाही, दार लावून घटकाभर पडायचीही सोय नाही.

एकदा ऐन जेवणाच्या वेळी कडी वाजली. नर्मदा ताटावरून चरफडत उठली. दारात एक अनोळखी बाई, हातात फडक्यात बांधलेला चुना.

"माझा दोन दिवसांचा होता," ती म्हणाली. "नावबी ठेवलं नव्हतं. कोणत्या भिंतीपाशी बसू?"

ते नर्मदाला ठाऊक नव्हतं. रेहानांनाही सांगता आलं नसतं. तिनं स्वयंपाकघरातली धान्याची कोठी रेटून बाजूला सारली.

"इथं बस," ती म्हणाली. "इथं अजून कोणी बसत नाई."