उंबऱ्याआधीचं पाऊल

रणजित घुणके गेला त्या सकाळी त्याच्या अंगणात दोघांची वाट पाहिली जात होती. एक तिरडी बांधणारा, दुसरी गुडघा काढणारी डॉक्टरीण. तिरडीवाला आधी पोचला. त्यानं बांबू भिंतीला टेकवले आणि पहिला प्रश्न टाकला, "अंगात धातू हाय का?"

त्या मुलखात आता हे विचारल्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नसे.

"उजवा गुडघा," रणजितचा धाकटा भाऊ विश्वजित म्हणाला, "पण तो काढायचा का न्हाई, ते वैनी सांगतील."

मयुरीकाकू नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांना काही सांगायचं नव्हतं. कालपर्यंत भाजीत मीठ कमी आहे म्हणणारा माणूस आज बोलत नव्हता, आणि लोक त्याच्या गुडघ्याचं विचारत होते.

तो गुडघा साध्या लोखंडाचा नव्हता. लोखंडात मँगनीज आणि सिलिकॉन घालून, वर क्रोमियम-निकेलची चिमूट टाकून ते पोलाद ओतलेलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला सवयपोलाद म्हणत. धातूच्या पोटात बारीक कण रांगा करून बसलेले असतात. साध्या पोलादातले कण एकदा बसले की बसले. सवयपोलादातले कण अंगाच्या उबेतसुद्धा, भार पडेल तसे केसभर सरकत. गवतातून एकदा माणूस गेला तर काही दिसत नाही, पण रोज गेला तर पायवाट पडते. तशी या पोलादात चालण्याची वाट पडे. कुठल्या भारामागून कुठला भार येतो, कुठे सैल व्हायचं, कुठे ताठ राहायचं, हे गुडघ्यातल्या पात्या हळूहळू शिकत. कोऱ्या गुडघ्याला मालकाची चाल शिकायला दोन वर्षं लागत, आणि ती दोन वर्षं वेदनेची असत. एकदा शिकला, की माणूस विसरून जाई की आपल्या पायात परकं काही आहे.

माणूस गेला तरी पोलादातली वाट राही. तो गुडघा तसाच काढून, तेवढ्याच उंचीच्या आणि वजनाच्या दुसऱ्या माणसाला बसवला, तर तो महिन्याभरात चालू लागे. मात्र त्याला आग लागता कामा नये. धातू लालभडक तापला की कण मोकळे होतात, नव्यानं रांगा लावतात आणि जुनं सगळं पुसलं जातं. पहिल्या पहिल्या काळात एका गावानं मोठ्या भक्तिभावानं, तिसऱ्या दिवशी राख सावडताना सापडलेला गुडघा दुधानं धुऊन, वर हळदकुंकू वाहून, वाजतगाजत दवाखान्यात नेऊन दिला होता. तो बसवला त्या माणसाला दोन वर्षं रांगावं लागलं. चितेनं गुडघा कोरा करून टाकला होता. तेव्हापासून हे सरणाआधीच ठरवावं लागे.

डॉक्टर तस्नीम मुजावर आल्या. त्या हाडांच्या डॉक्टर होत्या आणि धातूचंही शिकल्या होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि काकूंशेजारी खाली बसल्या.

"काकू, मी घाई करणार नाही. पण तुम्हाला समजावून सांगायला हवं."

"मला काय समजावता? माझ्या नवऱ्याचा जन्म भट्टीखात्यात गेला," काकू म्हणाल्या. "लाल पोलाद तेलात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळ. पुन्हा बेतानं तापवलं की चिवट. गवती पिवळा रंग आला की छिन्नीला, निळा आला की स्प्रिंगला. जेवतानासुद्धा हेच. आमटी गार झाली तर म्हणायचे, अगं, पोलादासारखं जरा पाणी चढव हिला, म्हणजे पुन्हा तापव."

डॉक्टर किंचित हसल्या. "मग तुम्हाला माहीतच आहे. आगीत गेला तर त्यांची चाल पुसली जाईल. दिलात तर कुणीतरी चालेल."

विश्वजितला राहवेना. "डॉक्टर, तुमचं शास्त्र बरोबर आसंल. पण माणसाला अग्नी कशाला देत्यात? सुटावा म्हणून. चाल हितंच अडकून पडली तर माझा दादा जाणार कसा? लंगडी घालत?"

"भावजी," काकू म्हणाल्या, "तुमचा दादा कुठंही जायला नेहमी उशीरच करायचा. जाईल सावकाश."

रडणाऱ्या बायकांतल्या एकदोघी हसल्या आणि लगेच पदरात तोंड लपवून पुन्हा रडू लागल्या. काकूंनी नवऱ्याच्या पायावर हात ठेवला. हा गुडघा त्यांनीच बसवून घेतला होता. तापल्या कांबींची गाडी पायावर उलटली तेव्हा त्या वेळचे डॉक्टर म्हणाले होते, साधी दांडी घालू, पाय वाकणार नाही पण दुखणारही नाही. काकूच हटून बसल्या होत्या, नवा गुडघाच हवा म्हणून. रणजित त्यावर पंचवीस वर्षं चालला, बाजाराला गेला, जत्रेला गेला, कधी हूं की चूं नाही. एवढी चांगली वस्तू जाळायची?

"काढा," त्या म्हणाल्या.

अशा घरांत एक नवी रीत पडली होती. ज्याला गुडघा मिळे, तो चालता झाल्यावर नारळ घेऊन देणाऱ्याच्या घरी जाई आणि अंगणात चालून दाखवी. तिला पाऊलभेट म्हणत. रणजितला जाऊन चार-पाच महिने झाले असतील. काकू सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या, आणि अंगणातून त्यांना नवरा येताना ऐकू आला.

आधी टाच, मग तळवा जरासा घासून. डावं पाऊल जड, उजवं हलकं. सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. पाऊल पायऱ्या चढलं आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबलं.

तोही थांबायचा. रोज. कामावरून आला की दारात क्षणभर उभा राहायचा आणि मगच "आलो गं" म्हणून आत यायचा. काकू टोमणा मारायच्या, "दारात काय उभं राहायचं, करवल्यांनी अडवल्यासारखं?" तो म्हणायचा, "मालकिणीची परवानगी नको का?"

दारात पंचविशीची एक उंच मुलगी उभी होती. हातात नारळ, मागे डॉक्टर मुजावर.

"मी श्रावस्ती कांबळे," मुलगी म्हणाली. "घरांच्या छपरावरची सौरपॅनेलं दुरुस्त करते. करत होते. छपरावरून पडले. काकू, तुमच्या घरातला गुडघा माझ्याकडं आहे."

काकूंनी तिला जवळ घेतलं. तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, तिच्या पायाकडे मात्र बघितलं नाही. चहा झाला. मग मुलगी चुळबुळ करू लागली.

"सांग ना," डॉक्टर म्हणाल्या.

"काकू, राग मानू नका. गुडघा झकास आहे. पण एक खोड आहे त्याची. पायऱ्या चढून वर आलं की अडतो. मग एकदम ताठ होतो आणि पुढं चालताना सगळा भार स्वतःवर ओढून घेतो. मांडीत कळ येते. रस्त्यावर असं नाही. रस्त्यावर उलट भार टाळतो, जरा लंगडतो."

"गुडघ्याला कुठली आलीय खोड?" काकू म्हणाल्या. "यांना तर काही त्रास नव्हता."

डॉक्टरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "काकू, हे बघायलाच मी आलेय. पोलादाला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या भोवतीच्या हाडाला. पाय दुखला की माणूस त्यावर भार कमी टाकतो, त्यालाच आपण लंगडणं म्हणतो. रणजितकाकांच्या गुडघ्यात लंगडण्याची वाट खूप खोल आहे. म्हणजे त्यांचं हाड दुखत होतं. अगदी सुरुवातीपासून."

"खोटं आहे. मी पंचवीस वर्षं त्यांना चालताना बघितलंय."

"कुठे बघितलंत?"

"कुठे म्हणजे? घरात!"

बोलता बोलताच काकूंचा आवाज खाली आला.

"घरात ते लंगडत नव्हते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "रस्त्यावर लंगडत यायचे. पायऱ्या चढायचे. दारात थांबायचे, पाय ताठ करायचे, आणि दुखऱ्या पायावर मुद्दाम पुरता भार टाकून आत यायचे. रोज. पोलाद तेच शिकलं."

"बाजाराला मी बरोबर असायची."

"तुम्ही पुढे चालायचात की मागे?"

काकू नेहमी चार पावलं पुढे असायच्या. त्यालाच तसं हवं असायचं. तू हो पुढं, म्हणायचा, मी तुझी वेणी बघत येतो. त्या लाजायच्या, पन्नाशी उलटल्यावरसुद्धा.

आणि त्यानं हे का केलं असेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा गुडघा त्यांचा हट्ट होता. दवाखान्यात त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, माझ्या नवऱ्याला मी लंगडा होऊ देणार नाही. आणि त्यानं त्यांना आपलं लंगडणं कधी दिसू दिलं नव्हतं.

सुपातली एक शेंग श्रावस्तीनं उगाच फोडली आणि दाणा हातातच धरून बसली.

"यावर दोन उपाय आहेत," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "गुडघा काढायचा, भट्टीत लाल करायचा, सावकाश गार करायचा. सगळं पुसलं जाईल. पण मग हिची पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा दोन वर्षं, आणि छपरावरचं काम गेलंच म्हणा. दुसरा उपाय लांबचा आहे. हा नवी वाट शिकू शकतो. वर आलं की न थांबता, भार सोडून, खुशाल लंगडत आत यायचं. रोज. जुन्या वाटेवर गवत उगवेल. एकदा ताठरपणा गेला की लंगडणंही जाईल, कारण हिचं हाड चांगलं आहे. पण सवय ज्या पायऱ्यांवर लागली, तिथंच ती लवकर सुटते. दुसऱ्या जिन्यांवर मी करून बघितलं, जमलं नाही. पायऱ्या तुमच्या आहेत, म्हणून विचारते."

"त्यात विचारायचं काय?" काकू उठल्या. त्यांनी श्रावस्तीचा हात धरून तिला अंगणात नेलं. "चढ. आणि आत ये. लंगडत ये. माझ्यासमोर लंगड."

मुलगी चढली. उंबऱ्याशी गुडघा अडला, ताठ झाला.

"नको रे," काकू म्हणाल्या. त्या मुलीशी बोलत नव्हत्या. "नको ताठ होऊस. मी बघतेय ना. लंगड."

मग श्रावस्ती रोज संध्याकाळी येऊ लागली. काकू दारात स्टूल टाकून बसत. "छान, अजून लंगड. तोल जाऊ दे, भिंत आहे की धरायला!" गल्लीतल्या बायका विचारत, "काय मयुरीकाकू, लंगडायची शिकवणी काढलीय का?" काकू म्हणत, "हो. तुझ्या नवऱ्याला पाठव, पिऊन आला की त्याला आयतंच जमतं." एकदा विश्वजितही आला आणि अंगणात उभा राहून बघत राहिला. भावाची चाल ओळखून त्याचे डोळे भरले. "वैनी," तो म्हणाला, "आता सुटतोय बघा दादा." काकूंना ते ऐकून बरं वाटलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

थांबणं आखडत गेलं. आधी श्वासभर असे, मग अर्ध्या श्वासाइतकं, मग पाऊल नुसतं अडखळल्यासारखं वाटे. काकू आत चुलीशी असल्या तरी त्यांना ते ऐकू येई. तेवढ्यासाठी त्या भांड्यांचा आवाज करत नसत. दिवसाचा तेवढाच तुकडा त्यांना सौभाग्यासारखा वाटे. आणि रोज तो त्या स्वतःच्या तोंडानं, "छान, अजून," म्हणत थोडाथोडा पुसत होत्या.

एक दिवस श्रावस्ती सरळ आत आली. थांबली नाही, लंगडलीही नाही. चुलीशी बसलेल्या काकूंना ती समोर उभी राहिल्यावरच कळली.

"काकू! अडलं नाही!" तिनं जागच्या जागी उडी मारून दाखवली. "परवापासून छपरावर जाते."

काकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली, दृष्ट काढली, नवं पातळ दिलं. डॉक्टरांना फोन करून त्यांनीच बातमी सांगितली. पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही धातूवर जे केलंत ते आमच्या भट्टीला जमलं नसतं." काकूंनी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढे श्रावस्ती सवड होईल तशी येई. आली की चहा घेई, कुठल्या छपरावर माकडांनी तारा कशा तोडल्या ते सांगे. तिचं पाऊल आता तिचंच झालं होतं, चटपटीत, कुणाचंही असावं तसं. एका संध्याकाळी ती पायऱ्या चढत असताना आतून काकूंचा आवाज आला.

"श्रावस्ती, जरा थांब गं दारात."

"का हो काकू?"

"काही नाही. नुसती थांब. पूर्वी थांबायचीस तशी. पाय ताठ करून."

मुलगी हुशार होती. उंबऱ्याच्या अलीकडे तिनं उजवा पाय ताठ केला, त्यावर सगळा भार टाकला आणि उभी राहिली. तिच्या मांडीत बारीक कळ आली. आत काकू डोळे मिटून बसल्या होत्या. हे थांबणं मुलीचं आहे, त्याचं नाही, हे त्यांना कळत होतं. आणि एक गोष्ट त्यांना डॉक्टरांइतकीच पक्की ठाऊक होती, की हे पोलाद पाय कुणाचा ते बघत नाही, जे रोज होतं ते शिकतं.

"काकू," दारातून आवाज आला, "येऊ का आत?"

ये, हा शब्द काकूंच्या ओठावर आला होता. तो बाहेर पडायला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ दारात पोलाद शिकत होतं.