शीतयंत्राच्या जाळीवरचा पांढरा थर

“जाळीले पाणी दाखवू नको. कोरडा ब्रश, अन् आतून बाहेर. दर शनिवारी. चुकायचं नाही.”

अकोल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने असं बजावलं होतं, आणि दूध केंद्रातलं यंत्र सांभाळणारा गोवर्धन त्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्याची आई सुंदराबाई हे सांगत होती ती लोकांची कोडी उलगडून देणाऱ्या इंदूबाई तळवेलकरांच्या दारात उभी राहूनच. तिला बसायलाही धीर नव्हता.

“भातकुलीच्या केंद्रातलं दूध थंड करायचं मशीन आज सकाळी बंद पडलं. साऱ्या गावाचं दूध नासलं. सायेब म्हणतात, पोरानं जाळी साफच केली नाही. संध्याकाळी कमिटी त्याले कामावरून काढून राहिली, बाई!”

“काल कुठं होता तो?”

“काल रविवार. अकोल्याले गेलता. शनिवारी जाळी झटकूनच घरी आला.”

इंदूबाईंनी देवघराचं दार लोटलं. “भाऊजी, मोटार बघा. संध्याकाळचं दूध यायच्या आत पोचायला हवं.”

किसनराव त्यांचे दीर, पेन्शनीत निघालेले तारमास्तर. प्रत्येक प्रकरणात गुन्हेगार आधी तेच पकडत, आणि हटकून भलताच.

भातकुलीचं पाणी खारं, म्हणून केंद्रात वाऱ्यावर निवणारं यंत्र बसवलेलं. मागे मोठा पंखा, त्याच्यापुढे पातळ पत्र्यांची दाट जाळी. पंखा जाळीतून बाहेरचा वारा ओढी आणि यंत्राची उष्णता काढून टाकी. आता जाळी बुजली होती. यंत्र तापून आपोआप बंद पडलं होतं.

व्यवस्थापक रामराव पुण्याकडून नवेच आलेले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. “घ्या, अमरावतीहून आणवलेलं आहे. इथलं मी तोंडात घेत नाही, हातपाय धुवायलाही वापरत नाही. काल वावटळ झाली, धूळ बसली. गोवर्धननं आधीचीच काढली नसणार. उद्या नागपूरचे साहेब यायचे, आणि आज हा प्रकार!”

“तुम्ही काल मागे पाहिलं होतं?”

“त्या बाजूला मी पाऊलही टाकत नाही. ते काम त्याचं.”

इंदूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. रामरावांच्या बुटांना झकास पॉलिश होतं. फक्त तळाच्या कडेने एक पांढरी रेघ उमटली होती.

अंगणात नत्थुजी भेटला. हे यंत्र येण्याआधी केंद्राला बर्फ तोच पुरवी. विहिरीचं पाणी पिऊन त्याने तांब्या धोतराच्या सोग्याने खडखडीत पुसला.

“माहा धंदा या मशीननं बसवला, खरं हाय. पन माही म्हैसबी इथंच दूध घालते, बाई. माहंच दूध मी नासवू काय?”

“हाच!” किसनराव कुजबुजले.

गंगूबाई दुधाचे कॅन धुवून लगोलग फडक्याने कोरडे करत होती.

“काहून इतकं घासून पुसता?” इंदूबाईंनी विचारलं.

“वाऱ्यावर वाळू देलं त पांढरं धरते ना माय! आमी सारेच पुसतो.”

इंदूबाई यंत्रामागे गेल्या. जाळीवर वाळलेला चिखल आणि वर पांढरा थर. त्यांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि घाईने चूळ भरली.

“वहिनी! सोमवारचा उपास तुमचा!”

“म्हणूनच थुंकले. माझ्या उपासाला मीठ चालत नाही.”

कमिटीचे अध्यक्ष शेषराव येऊन बसले. एका कडेला गोवर्धन आईजवळ उभा होता. रस्त्यावर दुधाच्या सायकलींच्या घंटा वाजू लागल्या होत्या.

“कोरडी धूळ खारट नसते,” इंदूबाई हळू आवाजात बोलू लागल्या. “ही जाळी विहिरीच्या पाण्यानं धुतली आहे. वावटळीची धूळ भिजून आत गेली, चिखल झाला, यंत्राच्या उष्णतेनं पक्का बसला.”

“नत्थुजीनं धुतली!” किसनराव म्हणाले.

“दावा साधायचा तर जाळीवर पोतं टाकलं की झालं. धुवायची मेहनत कोण घेईल? ही जाळी बिघडवायला नाही, चमकवायला धुतली. नत्थुजी काय, गंगूबाई काय, इथलं पाणी लावलं की पुसावं लागतं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. या फटींत फडकं जात नाही, म्हणून ते तिथं पाणी नेणारच नाहीत. नेणारा नवा माणूस. मोठ्या साहेबांपुढे यंत्र लखलखीत दिसावं असं ज्याला वाटलं तो. रामराव, तुमच्याकडे तर हातपाय धुवायलाही गोडं पाणी. मग बुटांवर हा खार कुठून आला?”

रामरावांनी खाली पाहिलं. चेहरा उतरला.

“काल संध्याकाळी बादल्या ओतल्या,” ते म्हणाले. “सकाळी दूध नासलं आणि... बोलायला तोंड उघडेना.”

“गोवर्धन, ब्रश घे!” शेषराव ओरडले. तो केव्हाच मागे धावला होता.

सुंदराबाई मात्र रामरावांसमोरून हलली नाही. “काम वाचलं, सायेब. पन दिवसभर गाव माह्या पोराले कामचोर म्हणून राहिलं. ते कोन पुसन?”

“मी. घरोघरी जाऊन सांगतो, चूक माझी होती म्हणून. आजच.”

तिने मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नव्हे.

जाळीतून मातीच्या खपल्या झडत होत्या. पंख्याने एक गिरकी घेतली, अडखळला, मग यंत्र घुमायला लागलं. “चाललं! चाललं!” सारं अंगण मागच्या बाजूला लोटलं. सायकली आडव्या पडल्या, कॅन पुढे सरकू लागले, आणि किसनराव सर्वांना आपला संशय मुळात कुणावर होता ते सांगू लागले.

त्या गलक्यात रामरावांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते कुणाला न सांगता फाटकाबाहेर पडले. गावाच्या पहिल्याच घरी चूल पेटली होती. ते त्या दाराकडे चालू लागले.