डबीवरचा खटका

सदरमधल्या त्या रेडिओच्या दुकानात मला काय हवंय, ते कुणाला ऐकूच जात नव्हतं. ऑक्टोबर लागला तरी नागपूरचं ऊन हटायला तयार नव्हतं. दारातला कूलर घोंघावत होता आणि काउंटरमागचा तरुण कानाशी हात नेऊन पुन्हा पुन्हा "काय?" म्हणत होता.

मला याची सवय होती. लकडगंजात आमचं घर आरा मशीनला लागून. दिवसभर सागाचे ओंडके चिरले जायचे, म्हणून घरातले सगळे ओरडूनच बोलायचे. माझा आवाजच तेवढा हळू. "जरा मोठ्यानं बोल वं" हे ऐकत ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

राहू दे, म्हणून मी वळले... आणि कूलर थांबला. त्याने बटण बंद केलं होतं. दुकान एकदम एवढं शांत झालं, की सोल्डरच्या धुराचा राळेसारखा वाससुद्धा मला त्या क्षणी जाणवला. त्याच्या कपाळावर लगेच घामाचे थेंब जमले.

"आता बोला," तो म्हणाला. "सावकाश. मले घाई नाही."

मी सांगितलं. आमच्या महिला मंडळाचा शारदोत्सव आहे. गेल्या वर्षी ऐन गाण्यात वीज गेली, लाउडस्पीकर मुका झाला. म्हणून मंडळाच्या अध्यक्ष कौसल्याबाईंना यंदा बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर हवाय. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याच्याच घरच्या कुणाची चौकशी केली होती. त्याने आतून एक उघडी पट्टी आणली. तिच्यावर तारांचं जंजाळ.

"हात लावा."

मी बोट टेकवलं. गार होती.

"सकाळपासून चालू आहे. साध्या अँप्लिफायरवर एवढ्या वेळात पापड भाजला असता." मग त्याने समजावलं. साधा अँप्लिफायर सतत अर्धवट उघड्या नळासारखा चालतो, म्हणून तापतो आणि बॅटरी खातो. याचा ट्रान्झिस्टर मात्र पूर्ण चालू, पूर्ण बंद, असा डोळ्यांना कळणारही नाही इतक्या वेगानं होत राहतो. परदेशी मासिकातली आकृती बघून त्याने तो स्वतः बांधला होता. याला क्लास डी म्हणतात.

"डी म्हणजे... नापासांचा वर्ग?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची रीत मला तेव्हाच आवडली, हे मी घरी सांगितलं नाही. त्याचं नाव मधुसूदन. सकाळी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा, दुपारी मामाच्या या दुकानात बसायचा.

उत्सवात मीच गाणार होते. तालमी मंडळाच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. मधुसूदन स्कूटरची बॅटरी आणि अँप्लिफायर घेऊन रोज यायचा. माइक मंडळाचाच होता, जुना, क्रिस्टलचा. मी त्याच्यासमोर पहिला सूर लावला आणि भोंग्यातून जे बाहेर आलं ते ऐकून मी मध्येच थांबले. पत्र्याच्या डब्यात बसून कुणी गावं तसा आवाज. खालचे सूर तर नव्हतेच.

मधुसूदनने माइक काढून तिथं आपला ट्रान्झिस्टर रेडिओ जोडला. बातम्या हॉलभर घुमल्या, भरीव आणि स्वच्छ. त्याने रेडिओ काढला, माइक पुन्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"अँप्लिफायर तर ठीक आहे," तो म्हणाला.

म्हणजे बिघाड माझ्या गळ्यातच.

"थोडं जवळ येऊन... मोठ्यानं गाऊन पाहा," तो हळूच म्हणाला. ज्याने माझ्यासाठी कूलर बंद केला होता, तोही शेवटी तेच म्हणाला.

मी मोठ्यानं गायले. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठ्यानं. गळा ताणून ताणून सूर खरखरीत झाला. घरी आई, वच्छलाबाई तिचं नाव, ज्येष्ठमध उगाळून द्यायची आणि माझ्याहून जास्त घाबरायची. कारण यंदाच्या उत्सवाला खापा गावाहून रंभाबाई येणार होत्या. त्यांच्या भाच्याचं स्थळ मला सांगून आलं होतं. हातमागाचा धंदा, भरलं घर, घरात भजनाची हौस. रंभाबाईंची एकच अट होती. सून गाणारी हवी, आणि ती गाते कशी हे त्या स्वतः ऐकणार. बाबांनी मनातून होकार दिलेला होता. रंभाबाईंनी मान हलवली की दिवाळीआधी साखरपुडा.

मला खाप्याला जायचं नव्हतं. का, ते विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? एक माणूस हसताना मान खाली घालतो, म्हणून? पण माझा गळाच असा निघाला, ही बोच त्याहून मोठी होती. लहानपणापासून माझ्यापाशी तेवढं एकच तर होतं.

एका तालमीला मधुसूदन आलाच नाही. माझं गाणं ऐकवत नसेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थेट आमच्या दारात उभा, हातात अँप्लिफायर आणि एक पत्र्याची डबी. आरा मशीन जोरात चालू होती. तो काहीतरी बोलला. या वेळी मी कानाशी हात नेला.

"चूक माझी आहे," तो ओरडला.

जेवणाच्या सुट्टीत आरा थांबली, तेव्हा त्याने नीट सांगितलं. "तुमचा माइक नाजूक आहे. त्याच्यात आवाज आहे, पण ताकद नाही. माझा अँप्लिफायर त्याच्याकडूनच करंट ओढून राहिला होता. जेवढा ओढला तेवढा आवाज बसला... खालचे सूर आधी गेले. रेडिओ दांडगा, त्याले काही फरक पडला नाही. म्हणून मले वाटलं..."

"की माझाच आवाज वाईट."

"हो." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "इनपुट इम्पिडन्स म्हणतात त्याले. म्हणजे ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याकडून ओढताना स्वतःले किती आवरायचं, ते. माझ्या मशीनचा फारच कमी निघाला. ती ऐकत नव्हती, ओरबाडत होती. आणि मी तिचीच बाजू घेतली."

"मग ही डबी?"

"बफर. हा दोघांच्या मधात बसणार. माइककडून जवळजवळ काहीच घेत नाही. ऐकतो तेवढं, आणि पुढं आपल्या ताकदीनं सांगतो."

"असा माणूस असतो का हो कुठं?" मी विचारून गेले, आणि कान तापले.

"बनवता येतो," तो तारेकडे बघत म्हणाला. "थोडा वेळ लागतो."

त्याने जोडणी केली. मी माइक धरला आणि गळा न ताणता खालचा षड्ज लावला. आमच्या छोट्या खोलीत माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा माझ्याभोवती भरून राहिला. उबदार, भरीव. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मला रडू आलं, पण त्याच्यासमोर नको म्हणून मी गातच राहिले.

आई डोळे पुसत पोहे घेऊन बाहेर आली. "आता रंभाबाई खूश होतील वं," ती म्हणाली. मग पाहुण्याला कळावं म्हणून तिने खाप्याचं घर, भाचा, दिवाळीआधीचा साखरपुडा, सगळं हौसेनं सांगितलं. मधुसूदन बशीकडे बघत ऐकत होता. पोहे त्याने खाल्ले नाहीत.

उत्सवाच्या संध्याकाळी रंभाबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. शेजारी बाबा, इस्त्रीचं धोतर नेसलेले. मी पडद्यामागे उभी. शेजारीच मधुसूदन बॅटरीच्या तारा आवळत होता.

"ती डबी काढून टाका," मी म्हणाले.

त्याचा हात थांबला.

"पहिल्यासारखा पत्र्याचा आवाज येऊ द्या. त्या ऐकतील, परत जातील. कुणाला काही सांगावं लागणार नाही."

त्याने तारा खाली ठेवल्या. मग म्हणाला, "हा विचार माझ्या डोक्यात तुमच्या आधी आला."

मी त्याच्याकडे वळले.

"पण रंभाबाई खाप्यात जाऊन सांगतील, पोरीले गळाच नाही. ते मले सहन होणार नाही, चारुशीला. पुन्हा नाही." माझं नाव तो पहिल्यांदाच असं, मागे ताई-बाई काही न जोडता बोलला. त्याने डबी माझ्या हातात दिली. तिच्यावर एक खटका बसवलेला होता. "वर असला की बफर. खाली केला की जुनं. मी काही काढणार नाही, आणि तुमाले अडवणारही नाही. हे तुमच्यापाशी राहू द्या."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"माझं ऐकू नका आज," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मी बसले. डबी मांडीवर, पदराखाली. अंगठा खटक्यावर. खटका वर होता. पहिली ओळ गेली, रंभाबाई पुढे सरकल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली, आणि माझा अंगठा जड झाला. एवढासा दाब पुरे होता...

तेवढ्यात वीज गेली.

हॉल काळोखात बुडाला. भोंगा मात्र चालू होता, माझा आवाज चालू होता. आता माझा हात कुणालाच दिसत नव्हता. अगदी मधुसूदनलाही. मी अंगठा टेकवला... आणि ऐकलं. काळोखात कुणी उठलं नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं. एवढी माणसं श्वास रोखून माझ्या हळू आवाजाकडे कान लावून बसली होती. यांच्यासमोर मी माझंच गाणं खोटं करणार होते?

मी अंगठा काढून घेतला. डबी बाजूला ठेवून दोन्ही हात मोकळे केले आणि गाणं पूर्ण केलं.

दिवे आले तेव्हा रंभाबाई माझ्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या गालावरून बोटं ओवाळली. आता तूच आमच्या घरात गायचं, असं काहीसं म्हणाल्या. भोवती बायकांचा गलका होता.

"आत्याबाई, मी खाप्याला येणार नाही."

"काय म्हणतेस वं? मोठ्यानं बोल."

मी आवाज वाढवला नाही. तेच वाक्य तसंच, तेवढ्याच हळू म्हटलं. रंभाबाईंना या खेपेस वाकावं लागलं. मग त्या सरळ झाल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी हळू बोलते रुपराव, पण पक्की बोलते." रागावल्या होत्या की नाही, कळलं नाही. चपला शोधायला त्या निघून गेल्या.

"काहून नाही म्हणते?" बाबांनी विचारलं. एवढंच.

माझी नजर जिकडे गेली तिकडे त्यांनी पाहिलं. कोपऱ्यात मधुसूदन तारेचं वेटोळं करत होता, आणि ते पुन्हा पुन्हा सुटत होतं.

बाबा त्याच्याजवळ गेले.

"हे मशीन तू केलं का गा?"

"हो जी."

"आणि पोटाले काय करतो?"

"पॉलिटेक्निकात शिकवतो जी."

बाबांनी अँप्लिफायरवरून हात फिरवला. "रविवारी घरी ये," ते म्हणाले. "आरा बंद राहते. मले तुझं नीट ऐकू आलं पाहिजे." ना हो, ना नाही. ते तसेच बाहेर पडले, आणि माझा जीव त्या रविवारावर टांगून गेले.

बाहेर बॅटरी रिक्षात चढवताना रस्त्यावर ट्रक, सायकली, माणसांचा नुसता कालवा. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि एक वाक्य म्हटलं. इतकं हळू, की माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

त्याने कानाशी हात नेला नाही. मान खाली घातली आणि हसला.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"कवाचंच," तो म्हणाला.