चौदाव्या आठवड्यानंतर

बुधवारी आमच्या विद्यानगरच्या दवाखान्यात लसीकरण असतं. त्या दिवशी दीड महिन्याच्या भाचीला घेऊन एक गृहस्थ आत आले, आणि मी सुई हातात घेताच त्यांनीच डोळे घट्ट मिटून घेतले.

"डोळे उघडा," मी म्हणाले. "मांडी धरायची आहे... बाळाची."

"दुखेल का, सिस्टर?"

"कुणाला?"

त्यांनी एकच डोळा उघडला आणि हसले. तेवढ्यात लस देऊन झालीसुद्धा. ईशाने टाहो फोडला. तिला खांद्यावर घेऊन ते खोलीभर फिरत राहिले, "नक्को रडू गं... झालं, झालं..." शर्टाच्या खिशातून दुपट्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

नाव ओमकार. तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत नोकरी. बहीण तेजश्री सुईचं नाव काढलं तरी घाबरायची, तिचा नवरा कामानिमित्त पुण्यात. म्हणून लसीला मामा.

बाळाबरोबर येणाऱ्याला आम्ही नात्यानेच हाक मारतो. मी म्हणाले, "मामा, अर्धा तास बाहेर बसा. मग घरी जा."

"मामा म्हणू नका हो. घरात एक म्हणणारी तयार होतेय, तेवढी पुरे."

"मग काय म्हणू?"

"विचार करून सांगतो... पुढच्या वेळी."

दहाव्या आठवड्याला आले, तर दारातूनच म्हणाले, "विचार चालू आहे." चौदाव्या आठवड्याला त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि हलकेच म्हणाले, "त्रिवेणी..." बस, एवढंच. मी कार्डावर तारीख लिहीत होते. पेन जागच्या जागी थांबलं.

खरं तर इथेच मी सांगायचं असतं: दर महिन्याला वजनाला आणा. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न कसं सुरू करायचं, तेही सांगायचं असतं. प्रत्येक आईला मी ते सांगते. पण रोज पहाटे दिवा लावताना माझा एक नेम आहे, स्वतःसाठी काही मागायचं नाही. 'दर महिन्याला या' असं म्हटलं, तर ते बाळासाठी असेल की माझ्यासाठी? माझं मलाच सांगता येईना. मी मान खाली घालून लिहिलं, नववा महिना. आणि म्हणाले, "आता एकदम गोवराच्या लसीला."

"एवढ्या उशिरा?"

"हो."

त्यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. मग गेले.

त्यानंतरचे बुधवार फार लांब झाले. बाळं येत, रडत, जात. दार वाजलं की माझी नजर आधी येणाऱ्याच्या खांद्याकडे जायची, कुणाच्या खिशातून दुपटं लोंबतंय का... शुक्रवारी मी मुलींच्या शाळेत जायचे, लोहाच्या गोळ्या द्यायला, पाळीविषयी बोलायला. एकदा नववीतली शर्वरी सगळ्यांदेखत म्हणाली, "सिस्टर, झोप लागत नाही, जेवण जात नाही, उगाच खिडकीकडे बघावंसं वाटतं. रक्त कमी असेल का?"

वर्ग खुदखुदला.

"असेलही," मी म्हणाले. "तपासून घेऊ."

"तुम्हालापण तसंच होतं का?"

मी गोळ्यांची पाकिटं उगाचच पुन्हा रचली.

नवव्या महिन्यात ते आले. मी ईशाला काट्यावर ठेवलं, आणि बाकी सगळं विसरले. पावणेसात किलो. निदान आठाच्या घरात हवं होतं. हात बारीक, नजर मलूल. डॉक्टरांनी तपासलं: आजार नाही, पोटात अन्न कमी. तेजश्री कामावर रुजू झाली होती, आजी प्रेमाने भरवत होती, पण काय, तर वरणाचं नुसतं वरचं पाणी.

"आम्हाला वाटलं, पचायला हलकं," ओमकार म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आमचंच चुकलं."

"तुमचं नाही." मी कार्डावरचं माझंच अक्षर दाखवलं. "दर महिन्याला वजनाला बोलवायचं असतं. मी बोलावलं नाही."

"विसरलात?"

"नाही... आठवत होतं."

"मग?"

खोलीत पंखा फिरत होता. मी ईशाचं झबलं सरळ करत राहिले. "तुम्ही आला असता, म्हणून."

त्यांनी ईशाला उचलून खांद्यावर घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. वरण-भात कुस्करून घट्ट, चमच्यावर टिकेल इतका, वर तूप, दिवसातून तीनदा, अंगावरचं दूध चालूच. आणि पंधरा दिवसांनी वजन. मग जे बोलायला सगळ्यात जड गेलं, ते बोलले.

"पुढच्या वेळी तुम्ही नको. बाळाच्या आईला पाठवा. भरवायचं कसं, ते तिला हातात वाटी घेऊन शिकवायला हवं."

"हौ," ते म्हणाले. लस झाली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

ते पंधरा दिवस मी रोज दिव्यापुढे ईशाचं नाव घेतलं.

बुधवारी सकाळी तेजश्री आली. सुईची पेटी दिसताच भिंतीला टेकली, पण तासभर नेटाने बसली. ईशाने वाटी संपवली, चमचाही चावला. काट्यावर अडीचशे ग्रॅम वाढ होती. तेजश्री रडली, मग हसली. म्हणाली, "सिस्टर, बाहेर जाऊन दादाला सांगा ना. सकाळपासून बाकावर बसलाय. म्हणतो, आत यायची मला परवानगी नाही."

मी बाहेर गेले.

"वाढलं," मी म्हणाले. "अडीचशे."

त्यांनी डोळे पुसले, न लपवता. मग विचारलं, "तुमची ड्यूटी कधी संपते?"

"चार वाजता. आत्ता तर अकराही नाही झाले. तेजश्रीताई निघतायत."

"तिला रिक्षात बसवून देतो. मी थांबतो."

"पाच तास?"

"त्या पाच महिन्यांत किती थांबलो, ते कुणी विचारलं नाही, त्रिवेणी. दर बुधवारी समोरच्या फुटपाथवरून जात होतो. आत यायला कारणच नव्हतं."

आतून कुठलंसं बाळ रडू लागलं. मला जायला हवं होतं. तरी मी उभीच होते.

"बाकाच्या त्या टोकाला अकरानंतर ऊन येतं," मी म्हणाले. "इकडे सरकून बसा."